तेलाच्या डागांचा स्प्रे, एक अख्खी बाटली संपवल्यानंतर

पहिलं म्हणजे बाटली पूर्ण संपली आणि मगच लिहायला बसलोय, एकदा फुसफुस केलं आणि पाच स्टार देऊन मोकळे झालो असला हा रिव्ह्यू नाही. संपायला साधारण तीन महिने लागले. घरात कपडे धुण्याचं खातं माझ्याकडे आहे आणि घरात सगळ्यात जास्त तेल अंगावर सांडून घेणारा माणूसही मीच, त्यामुळे टेस्टिंगला माल कधी कमी पडला नाही. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण असल्या बाटल्या ढीगभर मिळतात आणि सगळ्यांवर थोड्याफार फरकाने तेच छापलेलं असतं. एन्झाइमवाला स्प्रे, कपडे धुवायच्या आधी डागावर मारा, पाच मिनिटं थांबा, नेहमीसारखं धुवा, सर्व प्रकारचे तेलकट डाग गायब. "सर्व प्रकारचे" हे दोन शब्द लक्षात ठेवा, माझं भांडण त्यांच्याशीच आहे.

बाटली आणायचं कारण एक शर्ट. फिक्कट निळा, कॉटनचा, धुऊन धुऊन असा मऊ झालेला की नवा शर्ट कितीही चांगला असला तरी हात ह्याच्याकडेच जातो. स्वयंपाक करताना बरोबर तिसऱ्या बटणाच्या खाली थेंब उडाला, मी हाताने पुसला म्हणजे खरं तर पसरवला, मग शर्ट मशीनला टाकला, बाहेर काढला तेव्हा डाग दिसत नव्हता, खूश होऊन दोरीवर टाकला, वाळल्यावर घाईघाईत इस्त्री फिरवली, अंगात घातला आणि आरशासमोर उभा राहिलो तर हा तिथेच बसलेला, अंगठ्याच्या नखाएवढा, निळ्यावर गडद निळा, कडा अगदी पेनाने काढल्यासारख्या.

आता हे धुतल्यावर गायब आणि वाळल्यावर हजर प्रकरण मला बरीच वर्षं जादूच वाटायचं. कारण साधं आहे. कोरड्या कापडात धाग्यांच्या मधे हवा असते, उजेड त्यात शिरून इकडेतिकडे उधळतो म्हणून कापडाचा रंग आपल्याला फिका दिसतो. तेल शिरलं की ते त्या हवेची जागा घेतं, उजेड कमी उधळतो, जास्त आत जातो, आणि तेवढा भाग गडद दिसतो. पाणीही अगदी हेच करतं, म्हणून ओला शर्ट अख्खाच गडद दिसतो आणि तेलाचा डाग त्यात लपून जातो. फरक एवढाच की पाणी उडून जातं आणि तेल काही केल्या उडत नाही. म्हणजे ओल्या कपड्याकडे बघून "गेला वाटतं" म्हणण्यात काही अर्थ नाही, तो वाळल्यावर उजेडाकडे धरून बघायचा, आणि वाळवायचा तोही सावलीत, हवेवर, इस्त्री लांब ठेवून. इस्त्रीची गरमी लागली की स्वयंपाकाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून हळूहळू घट्ट होत जातं, पिवळं पडतं, धाग्याला धरून बसतं. जुन्या कढईच्या बुडाला तो चिकट पिवळा-तपकिरी थर असतो ना, जो नखाने खरवडला तरी निघत नाही, तोच प्रकार बारीक प्रमाणात शर्टावर होतो. मी नेमकं तेच करून ठेवलं होतं.

तर बाटली आली. पहिला स्प्रे त्याच शर्टावर, पाच मिनिटं घड्याळ लावून, धुतला, सावलीत वाळवला. डाग थोडा फिका झाला होता, गेला नव्हता. दुसऱ्यांदा मारला, यावेळी अर्धा तास ठेवला. अजून थोडा फिका. चौथ्या वेळेला अशी अवस्था आली की मला दिसतो पण बायकोला दिसत नाही, आणि घरात शांतता हवी असेल तर अशा वेळी विषय सोडून द्यायचा असतो. पण माझ्या डोक्यात किडा शिरला होता, की हे काम बाटलीने केलं का नुसतं चार वेळा धुतल्याने झालं.

मग रविवारी जुने टी-शर्ट काढले, एक शंभर टक्के कॉटन आणि एक पॉलिएस्टरचा, जिमला घालायचा असतो तसला चकचकीत. दोन्हींवर पेन्सिलने चार चार गोल काढले आणि औषधाच्या ड्रॉपरने प्रत्येक गोलात स्वयंपाकाच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. हा भाग बघायला खरंच मजेदार आहे. कॉटनवर थेंब एक क्षण फुगून बसतो आणि मग सगळीकडून सारखा पसरत जातो. पॉलिएस्टरवर तो विणीच्या रेषेने धावतो, मला गोल हवा होता तर लांबट डाग मिळाला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही मुद्दाम टी-शर्ट खराब करताय?" हो म्हटलं, विज्ञान आहे.

पहिल्या गोलाला काहीच लावलं नाही, दुसऱ्याला स्प्रे पाच मिनिटं, तिसऱ्याला स्प्रे अर्धा तास, चौथ्याला भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, बोटाने हलकेच जिरवून दहा मिनिटं. मग सगळं एकाच बादलीत कोमट पाण्यात साध्या डिटर्जंटने धुतलं. प्रयोगशाळेत असं चालणार नाही हे मलाही माहितीये, एका गोलातलं दुसऱ्यात गेलं असेल वगैरे, पण घरी आपण असंच धुतो ना.

कॉटनवर काहीच न लावलेला गोल वाळल्यावर स्पष्ट दिसत होता. पाच मिनिटंवाला स्प्रे, हलकी सावली. अर्धा तासवाला स्प्रे, साफ, पेन्सिलचा गोल होता म्हणून कळलं कुठे डाग होता ते. आणि भांड्यांचं लिक्विड, तेही साफ. इथे मला जरा बाटलीची कीव आली. पॉलिएस्टरवर तर गंमतच, पाच मिनिटंवाला स्प्रे आणि काहीच न लावलेला यात मला फरक सांगता येईना, अर्ध्या तासाने निम्मं काम झालं, आणि लिक्विडने पहिल्या वेळेला बरंचसं आणि दुसऱ्या वेळेला जवळपास सगळं.

पॉलिएस्टरचं दुखणं असं की त्या धाग्याला मुळात पाण्यापेक्षा तेल जास्त जवळचं. कॉटनचा धागा पाणी पितो, त्यामुळे पाणी आणि डिटर्जंट आतपर्यंत पोचतात आणि तेलाला बाहेर ढकलतात. पॉलिएस्टर पाणी पीतच नाही आणि तेलाला धरून ठेवतो. जिमच्या टी-शर्टाला धुऊनही तो कुबट वास का राहतो, त्यातही ह्याचा मोठा हात आहे, अंगाचं तेल त्यातून नीट सुटत नाही. त्यामुळे तुमचा कपडा पॉलिएस्टरचा किंवा मिक्सचा असेल तर लेबलावरची पाच मिनिटं विसरा.

मग ही बाटली करते काय, तर त्यात तेलासाठीच्या दोन गोष्टी आहेत. एक सर्फॅक्टंट, म्हणजे ज्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, आणि मिळून तेलाचे बारीक गोळे करून पाण्यात वाहून नेतात. हे साबणातही असतं, डिटर्जंटमध्येही, भांड्यांच्या लिक्विडमध्येही, यात बाटलीचं काही कौतुक नाही. दुसरी गोष्ट म्हणजे लायपेज नावाचं एन्झाइम, आणि पैसे द्यायचेच तर ते ह्याचे. स्वयंपाकाचं तेल, तूप, लोणी, अंगाचं तेल ह्यांचा रेणू म्हणजे बहुतेक करून ग्लिसरॉलच्या कण्याला तीन फॅटी ॲसिडच्या शेपट्या. लायपेज ते जोड तोडतं, आपल्या पोटातही अन्नातली चरबी ह्याच जातीचं एन्झाइम तोडतं, आणि तुटलेले तुकडे पाण्याने धुवायला सोपे जातात. कपडे धुवायला एन्झाइम वापरायची आयडिया तशी जुनी आहे, ऑटो रोम नावाच्या जर्मन केमिस्टने १९१३ साली जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या एन्झाइमचं पेटंट घेतलं होतं. पण खास तेलासाठीचं लायपेज डिटर्जंटमध्ये यायला १९८८ उजाडलं, डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने ते लिपोलेज नावाने आणलं, आणि तेही एका बुरशीचा जीन दुसऱ्या बुरशीत घालून तिच्याकडून बनवून घेतलेलं. एवढी सगळी खटपट एका डागासाठी, मला हे वाचून माझ्या रविवारबद्दल जरा बरं वाटलं.

पण एन्झाइम म्हणजे कामगार आहे, जादूगार नाही. त्याला वेळ लागतो, त्याला ओलावा लागतो, आणि त्याला कोमट पाणी आवडतं. साधारण ३०-४० अंशांचं पाणी ठीक, ६०च्या वर गेलं की बहुतेक एन्झाइम मान टाकतात. म्हणजे तेलकट आहे म्हणून आधी उकळतं पाणी ओतायचं आणि मग स्प्रे मारायचा हे उलटं झालं. आणि डागावरचा स्प्रे वाळून कडक झाला तर कामही थांबतं, म्हणून मी नंतर नंतर स्प्रे मारला की वरून ओलं फडकं टाकून ठेवायला लागलो. पाच मिनिटं जे लिहिलंय ते, माझं मत, विकायला लिहिलंय. अर्धा तास लिहिलं तर कोण घेईल?

आता ते "सर्व प्रकारचे". सायकलची चेन साफ करताना ट्रॅक पँटच्या पायाला काळा पट्टा लागला, चेनच्या दातांचा ठसाच म्हणा. स्प्रे मारला, अर्धा तास, ब्रश, धुतलं. काही नाही. परत मारला, रात्रभर ठेवला ओल्या फडक्याखाली. काही नाही, उलट काळं जरा पसरलं. राग आला, पण मग लक्षात आलं की बिचारं लायपेज इथे करणार काय. चेनचं ग्रीस, शिलाई मशीनचं तेल, बिजागरीला घालतो ते, हे सगळं बहुतेक खनिज तेल, पेट्रोलियममधून निघालेलं. त्यात ते ग्लिसरॉलचे जोडच नसतात, नुसत्या हायड्रोकार्बनच्या साखळ्या. कुलूपच नाही तर किल्ली कशाला लावणार! वर त्या ग्रीसमध्ये झिजलेल्या लोखंडाचा बारीक चुरा आणि धूळ असते, काळा रंग त्याचा, आणि तो चुरा विणीत जाऊन अडकतो. इथे पाहिजे ते भरपूर सर्फॅक्टंट आणि घासणं, नाहीतर तेलाला तेलानेच काढायचं.

तेलाला तेलाने म्हणजे काय, तर मेकॅनिक लोक हाताचं ग्रीस काढायला आधी साधं तेल चोळतात आणि मग साबण लावतात, तीच युक्ती. पँटच्या पट्ट्यावर मी गंज सोडवायचा स्प्रे मारला, तो पेट्रोलियमचाच असतो, घट्ट ग्रीस त्याने सैल पडलं, खाली जुना टॉवेल ठेवून उलट्या बाजूने टिपलं, आणि लगेच त्यावर भांड्यांचं लिक्विड ओतून जुन्या टूथब्रशने घासलं. दोनदा. नव्वद टक्के गेलं, राहिलेलं गुडघ्याच्या खाली आहे, कोण बघतंय. पण हे करताना खिडकी उघडी, जवळपास गॅस बंद, आणि आधी शिवणीच्या आत रंग जातो का ते बघून. आणि असला कपडा ड्रायरमध्ये अजिबात नाही. ज्यांच्याकडे गरम हवेचा ड्रायर आहे त्यांना तर हात जोडून सांगतो, तेल किंवा सॉल्व्हंट लागलेली फडकी, अर्धवट धुतलेलीही, त्यात टाकू नका, पेट घेतात. जवसाचं तेल लागलेली फडकी तर नुसती बोळा करून कोपऱ्यात टाकली तरी आपोआप तापत जाऊन पेटू शकतात, लाकडाला पॉलिश करणाऱ्यांना हे माहीत असतं.

दुसरी फजिती कॉलरची. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला आतून पिवळट-केशरी पट्टा, मला वाटलं मानेचं तेल, म्हणून आधी स्प्रे, मग अजून स्प्रे, मग संतापून ब्लीच. ब्लीचने पट्टा जास्त केशरी झाला! हे मानेचं तेल नव्हतंच नुसतं, सनस्क्रीन होतं. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये अव्होबेन्झोन नावाचा घटक असतो, पाण्यात लोह असेल तर त्याच्याशी जुळून गंजासारखा डाग करतो, आणि क्लोरीनचं ब्लीच त्याला अजून पक्का करतं. असला डाग गंजाचा डाग समजून काढायचा असतो, तेलाचा समजून नाही. यात बाटलीचा दोष नाही, माझाच.

ब्लीचचं निघालंच आहे तर अजून एक कबुली देऊन टाकतो. ह्याच्याही आधी एका हिरव्या टी-शर्टावरच्या तेलाच्या डागाला मी ब्लीच लावलं होतं. ब्लीच रंग मारतं, तेलाला हातही लावत नाही. तेल गेलं, तूप गेलं म्हणतात, माझ्याकडे तेल सोडून बाकी सगळं गेलं, हिरवा रंग गेला आणि त्याच्या मधोमध तेलाचा डाग मात्र जसाच्या तसा.

सिल्कवर ही बाटली मी वापरली नाही आणि तुम्हीही वापरू नका. लेबलाच्या मागे, भिंग घेऊन वाचावं लागेल एवढ्या अक्षरात लिहिलंय की लोकर आणि रेशीम सोडून. कारण ह्यात लायपेजच्या जोडीला प्रोटीएजही आहे, प्रोटीन तोडणारं, आणि रेशीम आणि लोकर हे स्वतःच प्रोटीन. म्हणजे डागाबरोबर कपडाही चावायला घेतला. ही गोष्ट पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात पाहिजे होती, "गायब" हा शब्द जेवढा मोठा आहे तेवढी तरी. बायकोच्या सिल्कच्या स्टोलवर थेंब पडला तेव्हा (हो, मीच, डबा उघडताना) मी फक्त टिपकागदाने टिपलं, वर टाल्कम पावडरचा थर दिला, रात्रभर ठेवला आणि सकाळी मऊ ब्रशने झटकला. अजून थोडा होता म्हणून परत पावडर. दुसऱ्या रात्रीनंतर उजेडात तिरकं धरलं तरच दिसत होता, तेवढ्यावर ड्रायक्लीनला दिला. आणि देताना डाग कसला आहे, कुठे आहे ते सांगून दिला, हे महत्त्वाचं, तिथे पाण्याऐवजी सॉल्व्हंट वापरतात आणि तेलाला सॉल्व्हंट बरोबर लागू पडतं.

पावडरबद्दल खरं तर वेगळंच लिहायला पाहिजे, कारण माझ्या मते सगळ्यात कमी कौतुक तिचं होतं. डाग ताजा आहे, तुम्ही बाहेर आहात, बाटली घरी आहे, तर पावडर, पांढऱ्या खडूची पूड, कॉर्नफ्लोअर, जे मिळेल ते कोरडं टाका आणि चोळू नका. नुसतं पडू द्या. तेल बारीक कणांच्या मधल्या जागेत वर ओढलं जातं, पावडर पिवळसर आणि गुठळ्यांची दिसायला लागली की झटकून नवी टाकायची. ताई हे मला कधीपासून सांगत होती. "अरे आधी पावडर टाक रे, मग काय ते तुझे प्रयोग कर," असं फोनवर दर वेळी, आणि मी दर वेळी हो ताई म्हणून पाण्याचा नळ उघडायचो. पाणी आधी गेलं की कॉटनचे धागे पाण्याने भरतात आणि पावडरीला तेल ओढायला मिळत नाही, एवढंच त्यामागचं लॉजिक. लोकरीची जुनी कामं करणारेही कित्येक शतकं मातीच वापरायचे लोकरीचं तेल काढायला, मुलतानी मातीच्याच जातीची. म्हणजे ताई बरोबर होती, हे ती वाचणार नाही म्हणून लिहितोय.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकून फेस काढायचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले असतील. फेस येतो, बघायला छान वाटतं, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि हातात राहतं खारट पाणी आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड, त्याने तेलाला काही होत नाही. कोरडा सोडा पावडरसारखा थोडंफार शोषतो, तेवढंच. धुण्याचा सोडा वेगळा, तो चांगलाच अल्कलाइन असतो आणि जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यात डिटर्जंटला खरी मदत करतो, पण सिल्क-लोकरीला तोही नाही आणि हातमोजे घालून.

आता बाटलीच्या बाटलीपणाबद्दल. ट्रिगर दुसऱ्या आठवड्यापासून गळायला लागला. दाबला की अर्धा स्प्रे डागावर आणि अर्धा तर्जनीवरून मनगटाकडे, आणि एकदा मनगटावरून बाहीत. डाग काढायच्या औषधाने नवा ओला पट्टा काढणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. फवारा फार पसरट आहे, नखाएवढ्या डागाला तळहाताएवढी जागा भिजते, त्यामुळे माल लवकर संपतो आणि हवेतही उडतो. हे नुसतं वाया जाण्याचं नाही. १९६०च्या दशकाच्या शेवटी डिटर्जंटच्या कारखान्यांत एन्झाइमची बारीक धूळ श्वासात जाऊन कामगारांना दम्यासारखे त्रास झाले होते, तेव्हापासून पावडरीतलं एन्झाइम दाण्यांमध्ये बंद करून घालतात. घरच्या दोन फवाऱ्यांनी तसं होईल असं म्हणत नाही, पण तोंडाजवळ धरून धुकं करू नका, नोझल कापडाला जवळजवळ टेकवून मारा. मी तर शेवटी झाकण उघडून चमच्याने टाकायला लागलो, आणि ते जास्त बरं पडलं. वास लिंबाचा म्हणे. लिंबाने ऐकलं तर केस करेल.

मग भांड्यांचं लिक्विडच का नाही, असं विचाराल. बहुतेक वेळा हो, तेच. पण दोन गोष्टी सांभाळून. एक, शक्यतो बिनरंगी घ्या, गडद रंगाचं लिक्विड पांढऱ्या कपड्यावर दहा मिनिटं ठेवलं की स्वतःचीच छटा सोडायची भीती असते. आणि दुसरं, मशीनला टाकायच्या आधी ते हाताने खळबळून पूर्ण काढा. मी एकदा डागावर जरा सढळ हाताने ओतलं, "मशीन काढेल की" म्हणून तसाच शर्ट आत टाकला, आणि दहा मिनिटांनी बाथरूमच्या दाराखालून पांढरा फेस हळूहळू चालत बाहेर आला. मशीनचं डिटर्जंट मुद्दाम कमी फेसाचं बनवलेलं असतं, भांड्यांचं नसतं. तीन वेळा नुसत्या पाण्यावर मशीन फिरवलं. शर्ट मात्र स्वच्छ निघाला, हे सांगायलाच पाहिजे.

अजून एक, कपडा धुतल्यावर नवेच तेलकट डाग दिसायला लागले आणि तुम्ही शपथेवर सांगताय की तेल पडलंच नव्हतं, तर फॅब्रिक सॉफ्टनर बघा. तो कपड्यावर सरळ ओतला किंवा मशीनच्या खणातून एकदम पडला की अगदी तेलासारखे ओशट निळसर डाग पडतात. त्यावर स्प्रे वाया घालवू नका, ओलं करून साध्या साबणाची वडी चोळा आणि परत धुवा. आमच्याकडे असे दोन टॉवेल निघाले आणि मी त्यांच्यावर पाव बाटली उडवली होती.

तर कोणी घ्यावी. ज्यांच्या घरी कॉटनचे कपडे जास्त आहेत, डाग स्वयंपाकाच्या तेलातुपाचे आहेत आणि अर्धा तास थांबायची तयारी आहे, त्यांना ही बाटली काम देईल. कॉलर-कफच्या आतल्या जुन्या पिवळ्या थरावर (सनस्क्रीन नसेल तर) मला ती लिक्विडपेक्षा थोडी बरी वाटली, दोन-तीन धुण्यांत फरक दिसला, तिथे एन्झाइम खरंच कामाला येतं. लहान मुलांच्या टी-शर्टच्या पुढच्या बाजूला, जिथे रोज काहीतरी सांडतं, तिथेही बरी, कारण त्यात तेलाबरोबर दूध-अंड्यासारखं प्रोटीनही असतं आणि ते प्रोटीएज फुकट बसून राहत नाही. पॉलिएस्टरवाले, सायकलवाले, सिल्कवाले, इस्त्री करून झालेले जुने डाग घेऊन आलेले, ह्यांच्यासाठी नाही. माझ्याकडून पाचपैकी तीन. अर्धा मार्क "सर्व प्रकारचे"साठी कापला, अर्धा सिल्कची सूचना मुंगीच्या अक्षरात छापल्याबद्दल आणि एक अख्खा त्या ट्रिगरचा.

नवी बाटली आणलेली नाही. रिकामी धुऊन ठेवलीये, वरचं लेबल काढून मार्करने "भांड्यांचं लिक्विड, पाणी मिसळलेलं" असं लिहिलंय, नाहीतर घरात कोणीतरी सिल्कचं काय म्हणून विचारायला लागेल. निळा शर्ट आज परत घातलाय, तिसऱ्या बटणाच्या खाली बायकोला अजूनही काही दिसत नाही. ट्रिगर अजून गळतोच.